बसायच्या बैठका

समजा, तुम्ही लिफ्टमध्ये आहात. एकटेच. तुम्ही बटण दाबलंत, दार मिटलं, लिफ्ट वर निघाली आणि दोन मजल्यांच्या मधोमध एक हिसका देऊन थांबली. दिवाही गेला. दार ढकलून पाहिलंत, ते ढिम्म. अंधारात चाचपडत तुम्ही घंटीचं बटण शोधता आणि दाबता. जरा वेळ नुसती खरखर होते. मग भिंतीतल्या जाळीतून एका बाईचा आवाज येतो.

"मी इथे बसलेय. तुम्ही बाहेर येईपर्यंत उठणार नाही. आधी तुम्हीही खाली बसा बरं."

आता घाई न करता सांगा, या बोलण्यातला सगळ्यात धीराचा शब्द कोणता? पुष्कळ मुलं म्हणतात, 'बाहेर'. मला विचाराल तर तो शब्द आहे 'बसलेय'. पाहुणे बसले की आपल्याला कळतं, आता हे लगेच जात नाहीत. ते दारात उभे राहून बोलू लागले की त्यांचं अर्धं लक्ष चपलांकडे असतं. अडकलेल्या माणसाला एवढंच हवं असतं, पलीकडचं माणूस चपलांकडे बघत नसावं.

तो आवाज टाचणीच्या आत्याचा होता.

टाचणी हे काही त्या मुलीचं शाळेतलं नाव नव्हे. दिसायला एवढीशी, पण नको तिथे नेमकी टोचते म्हणून तिच्या बाबांनी ते ठेवलं आणि ते चिकटलं. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. ती त्यांच्याच घरी राहायची आणि शहरातल्या लिफ्ट सांभाळणाऱ्या एका ऑफिसात काम करायची. कुठेही लिफ्ट अडकली की फोन तिथे वाजायचा. मेकॅनिक निघायचा, पण तो पोचेपर्यंत आतल्या माणसाशी बोलत राहणं हे आत्याचं आणि तिच्या सोबत्यांचं काम. कोणी रडायचं, कोणी रागाने शिव्या द्यायचं, एक आजोबा तर पूर्ण वेळ पाढे म्हणत बसले होते. आत्या सगळ्यांना पुरून उरायची.

ते ऑफिस मात्र बघवत नव्हतं. भिंतींना पोपडे आलेले, वायरी पायात येणाऱ्या, डोक्यावरचा दिवा असा की दुपारपर्यंत डोळे चुरचुरायचे. एकाचं बोलणं दुसऱ्याच्या फोनात शिरायचं. खुर्च्या तर विचारूच नका. कुणाचा स्पंज बाहेर लोंबतोय, कुणाचा हात मोडलाय, एकीला चाकं तीनच. पण ज्याची खुर्ची त्याच्या अंगाची झालेली होती. डोळे मिटून बसवलं असतं तरी प्रत्येकाने आपली ओळखली असती.

एक दिवस साहेबांनी ठरवलं, ऑफिस नवं करायचं. आणि ते काम मिळालं टाचणीच्या आईला.

आई जागा सजवायची. सजवायची म्हणजे फुलदाण्या ठेवायची, असं समजू नका. उजेड कुठून यावा, आवाज कुठे जिरावा, कोणत्या रंगाकडे बघत माणसाने दिवस काढावा, याचा ती विचार करायची. सुंदर जागेत माणसं एकमेकांशी बरी वागतात, असं तिचं म्हणणं होतं आणि मला ते पटतं. आतापर्यंत तिला मिळाली होती ती छोटी दुकानं. एवढं मोठं काम पहिलंच.

साहेबांनी तिला भेटीला बोलावलं. म्हणाले, रंग तुम्ही ठरवा, दिवे तुम्ही ठरवा, माझं मागणं एकच. या ऑफिसात बैठका फार झाल्या आहेत, त्या कमी करा.

आईने विचारलं, अगदीच कमी?

"जवळजवळ नकोतच," साहेब म्हणाले. "लोक एकदा बसले की उठायचं नाव घेत नाहीत."

आईला जरा नवल वाटलं. पण हल्ली पुष्कळ ठिकाणी उभ्याने काम करायची टूम आहे, हे तिने वाचलं होतं. साहेबांना तेच हवं असणार. तरी एकदा ताईंना विचारावं, असं तिच्या मनात आलं. आत्याला ती ताई म्हणायची. पण मग तिला वाटलं, नको. नणंदेला विचारून ऑफिस आखलं असं कोणी म्हणायला नको. आणि आत्याने तोंडून अवाक्षर काढलं नाही, कारण भावजयीच्या कामात नणंदेने लुडबुड केली असं कोणी म्हणायला नको. अशा रीतीने दोन शहाण्या बायका एका घरात, एका टेबलावर जेवत होत्या आणि ज्यावर बोलायला हवं ते सोडून बाकी सगळ्यावर बोलत होत्या.

ऑफिस तयार झालं तेव्हा बघणाऱ्याचे डोळे दिपले. नाही, चुकलं माझं. दिपले नाहीत, आणि तीच तर आईची करामत होती. उजेड छताकडून हलकेच खाली उतरायचा. भिंतींना तिने बुचाच्या सालीचे तक्ते लावले होते, त्यामुळे आवाज त्यात जिरायचा आणि शेजारच्याचं बोलणं आपल्या फोनात शिरायचं नाही. वायरी कुठे गेल्या ते कळायचं नाही. खाली पाण्यासारखी नितळ लादी. आणि छातीपर्यंत उंच, निमुळत्या पायांची लाकडी टेबलं, जणू करकोच्यांचा थवा उतरला आहे.

खुर्ची मात्र औषधालाही नव्हती.

साहेब आत आले आणि दचकले. तोंड उघडणार, तेवढ्यात सोबत आलेले एक बडे पाहुणे म्हणाले, वा, याला म्हणतात आधुनिक. साहेबांनी तोंड मिटलं आणि मग हसले. त्यांना वाटलं, ही डिझायनर बाईंची कल्पना असणार, आपणच मागासलेले. आईला वाटलं, साहेबांना हवं ते झालं. जुन्या खुर्च्या मागच्या खोलीत एकावर एक रचल्या गेल्या, भंगारवाल्याची वाट बघत.

पहिले काही दिवस आत्या उभी राहिली. वाक्य तेच म्हणायची, "मी इथे बसलेय." पण म्हणताना जीभ अडखळायची. एकदा एका अडकलेल्या बाईने विचारलं, तुम्ही खरंच बसला आहात का? तुमचा आवाज निघायच्या बेतात असल्यासारखा येतोय.

दुसऱ्या दिवशी तिने स्वयंपाकघरातलं स्टूल उचललं. हे स्टूल वरच्या फळीवरचे डबे काढायला वापरायचे. उंचीला चांगलं, पण रूप म्हणाल तर दिव्यच. घराला जितक्या वेळा रंग दिला तितक्या रंगांचे शिंतोडे त्याच्यावर होते आणि एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी. आत्या ते काखोटीला मारून रस्त्यातून चालत गेली, करकोच्यांच्या त्या थव्यात मधोमध ठेवलं आणि त्यावर बसली.

सोबती बघतच राहिले. शेजारचा लंबू, म्हणजे ऑफिसातला सगळ्यात उंच आणि सगळ्यात तरुण गडी, तो म्हणाला, आत्याबाई, सिंहासन छान आहे, राज्याभिषेक कधी? आत्या म्हणाली, झाला.

साहेबांना ते स्टूल डोळ्यात कुसळासारखं सलू लागलं. त्यांनी आधी विनोदात सांगून पाहिलं, मग नाक मुरडून. शेवटी स्पष्टच सांगितलं. मासिकात छापायला ऑफिसचे फोटो काढायचे आहेत. त्या दिवशी स्टूल दिसता कामा नये, आणि नंतरही नको. बसायचंच असेल तर मागच्या खोलीत बसावं, सुटे भाग मोजून द्यावेत. तिथे फोन नाही.

म्हणजे बसायचं तर फोन सोडायचा, आणि फोन ठेवायचा तर उभं राहायचं. आत्याने घरी येऊन एवढंच सांगितलं आणि म्हणाली की ती दोन्हीपैकी काहीच करणार नाही.

आता आईचीही पंचाईत झाली. हे फोटो छापून आले की तिला पुढची कामं मिळणार होती. जेवताना ती हळूच म्हणाली, "निदान स्टूल तरी जरा बरं न्यायचं होतंत, वन्सं."

टाचणीने घास तोंडाशीच थांबवला. आई एरवी ताई म्हणायची. तिच्या तोंडी वन्सं आलं की घरात हवा गार झाली म्हणून समजायचं.

"तुझं ऑफिस सुंदर आहे गं," आत्या म्हणाली. "मला आता शेजारच्याचा खोकलासुद्धा ऐकू येत नाही. डोळे चुरचुरत नाहीत. मनापासून सांगते. पण मी फोनवर रोज एक वाक्य बोलते आणि ते तिथे खोटं ठरतं. घाबरलेल्या माणसाशी मी खोटं बोलणार नाही. तुझ्यासाठीसुद्धा नाही."

बाबांनी पाणी वाढलं, ज्यांचे पेले भरलेले होते त्यांनासुद्धा.

फोटोच्या दिवशी टाचणीला सुट्टी होती, म्हणून आई तिला सोबत घेऊन गेली. जाताना बजावलं, बोलायचं नाही, हात लावायचा नाही, नुसतं बघायचं. टाचणीने मान डोलावली. बघायला तिला आवडायचंच. तिने काय काय बघितलं? लंबू एका पायावरून दुसऱ्या पायावर झुलत होता. एक बाई टेबलाखाली चपला काढून गार लादीला तळवे लावत होती. आणि पाठमोऱ्या साहेबांच्या पँटला, नेमकी बसायच्या जागी, ओली माती लागली होती. टाचणीने त्यांच्या खोलीत डोकावून पाहिलं. खिडकीपाशी मोठ्या झाडाची मोठी कुंडी होती आणि तिचा काठ एका बाजूने गुळगुळीत झाला होता.

फोटो काढणारी बाई दिवे लावत होती. साहेब खुशीत होते. आईला म्हणाले, सगळं मनासारखं झालं, एकच गोष्ट राहिली. बैठका काही कमी झाल्या नाहीत.

आई गोंधळली. "मी तर एकही ठेवली नाही."

"अहो, कुठलं काय. सकाळपासून मीच तिसरी उरकून आलो."

आई इकडेतिकडे बघू लागली. तिसरी कुठून आली, पहिली कुठे आहे? साहेब तिच्याकडे बघत होते, ही शोधते काय आहे? दोघंही चांगली बोलत होती, पण एकाची गाडी एका रुळावर, दुसऱ्याची दुसऱ्यावर. टाचणीला बोलायचं नव्हतं, हे तिच्या लक्षात होतं. पण काही प्रश्न असे असतात की ते गिळले तर घशात अडकतात.

"कुठल्या बैठका?" तिने विचारलं. "बसायच्या की बोलायच्या?"

सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या.

"बोलायच्या, अर्थातच," साहेब म्हणाले. "चर्चेच्या, मीटिंगच्या. मीटिंगच्या त्या दोन खोल्या तुम्ही बंद कराल म्हणजे लोक तासन्‌तास चर्चा करत बसणार नाहीत, असं माझ्या मनात होतं."

"मला वाटलं, बसायच्या," आई म्हणाली. तिचा चेहरा उतरला. "खुर्च्या काढायची तुमची आज्ञा आहे असं मी समजले."

"आणि मला वाटलं, ती तुमची कला आहे."

लंबूला हसू फुटलं. त्याने त्याचा खोकला करून टाकला, पण इतका वाईट की कोणी फसलं नाही.

आईने मोकळा श्वास घेतला. म्हणाली, बरं झालं कळलं, चूक माझी, मी नीट विचारायला हवं होतं. या टेबलांचे पाय खाली घेता येतात, आतून तशी सोय ठेवली आहे. टेबलं खाली घेऊ, खुर्च्या मागवू, फोटो नंतर काढू.

पण साहेबांनी हात वर केला. आवाज खाली आणून ते म्हणाले की हे आपल्यातच राहू द्यावं. पाहुण्यांनी वाखाणलंय, मासिकवाले आलेत, आता खुर्च्या आणल्या तर आपलं चुकलं असं होईल.

"चुकलंच आहे," आई म्हणाली.

"दिसत नाही तोवर नाही," साहेब म्हणाले. "हे बघा, दिसायला चूक एकच आहे." आणि त्यांनी स्टुलाकडे बोट केलं.

आत्या स्टुलावर ताठ बसली होती. साहेब तिच्यापाशी गेले आणि उठायला सांगणार, तोच तिच्या टेबलावरचा फोन वाजला. तिने तो उचलला. पलीकडून एका मुलाचा आवाज आला, इतका बारीक की शब्द कळले नाहीत, पण रडू सगळ्यांना कळलं.

"फक्त फोटोपुरतं उठा," साहेब दबक्या आवाजात म्हणाले. "उभ्याने बोला की. काय फरक पडतो?"

आत्याने त्यांच्याकडे पाहिलं. थेट डोळ्यांत. आणि ती फोनमध्ये बोलली, हळू, एकेक शब्द जागच्या जागी ठेवत.

"मी इथे बसलेय. तू बाहेर येईपर्यंत उठणार नाही. कोणीही सांगितलं तरी उठणार नाही. तूही खाली बस बघू, बाळा. बसलास? पाठ भिंतीला लाव. आता आपण दोघं बसलोय."

साहेब लालबुंद झाले, पण करणार काय? तिने त्यांना एक शब्द म्हटला नव्हता. फोटोवाल्या बाईने कॅमेरा खाली ठेवला. बराच वेळ त्या खोलीत फक्त आत्याचा आवाज होता. तिने मुलाला विचारलं, तुझ्या घरात सगळ्यात कुरकुरणारी वस्तू कोणती? मुलाने काहीतरी सांगितलं, आत्या म्हणाली, आमच्याकडे एक स्टूल आहे, त्याची गंमत ऐक. आणि मग तिने खरोखरच त्या स्टुलाची सगळी हकीकत सांगितली, पुठ्ठ्याच्या घडीसकट. रडू थांबलं. मग हुंदके थांबले. मग पलीकडे धडधड झाली, दार सरकल्याचा आवाज आला आणि कोणीतरी मोठ्याने त्या मुलाला हाक मारली.

"आलास बाहेर?" आत्याने विचारलं. "मग आता मी उठते हं."

ती उठली. शब्द पाळायचा म्हणून बसली होती, शब्द पाळून उठली.

तेवढीच संधी साधून साहेबांनी स्टुलावर हात ठेवला. आई पुढे झाली.

"हे स्टूल गेलं तर फोटोखाली माझं नाव छापायचं नाही," ती म्हणाली. "जागा बोलणाऱ्या माणसांसाठी केली होती. त्यांना बसता येत नसेल तर माझं काम अजून झालेलं नाही, आणि अर्ध्या कामावर मी नाव घालत नाही."

साहेब म्हणाले, यात तुमचंच नुकसान आहे. आई म्हणाली, असू दे. मग ती आत्याकडे वळली आणि म्हणाली, "ताई, पाय दुखले असतील."

ताई म्हणाली ती. टाचणीने ऐकलं.

पण साहेब म्हणजे साहेब. बोलण्यात हरलेला माणूस कधीकधी हातांनी जिंकायला बघतो. त्यांनी स्टूल स्वतः उचललं, आडवं धरून चालत गेले, मागच्या खोलीत ठेवलं आणि दार ओढून घेतलं. येऊन फोटोवाल्या बाईला म्हणाले, काढा. नाव नसलं तर नसलं.

आत्या टेबलापाशी उभी होती. हात टेबलावर, ओठ घट्ट मिटलेले. फोन आता कधीही वाजला असता. तो वाजला तर ती काय म्हणणार होती?

टाचणी कोणालाही न विचारता चालत गेली आणि तिने मागच्या खोलीचं दार उघडलं.

स्टूल समोरच होतं, पण तिने ते घेतलं नाही. तिने ढिगात बघितलं. आत्याची खुर्ची तिला ठाऊक होती, डावीकडून स्पंज लोंबणारी, बसून बसून मध्ये खळगा पडलेली. ती तिने पाय धरून ओढली, पुन्हा ओढली, मग पाठीने रेटली. खुर्ची तिच्याहून जड होती. उचलणं शक्य नव्हतं आणि चाकं केव्हाच जाम झाली होती, म्हणून ती फरफटत निघाली, दारातून बाहेर, दिव्यांच्या झोतात, नितळ लादीवरून. असा कर्कश आवाज झाला की बुचाच्या भिंतींनाही तो जिरवता येईना.

"अगं, लादीवर ओरखडे पडतील," साहेब म्हणाले.

टाचणी थांबली. तिने मागे वळून पाहिलं. दारापासून तिच्या पायापर्यंत एक पांढरी रेघ उमटली होती, वाकडीतिकडी पण ठळक. मग तिने आईकडे पाहिलं. लादी आईची होती, आईनेच निवडलेली.

आईने खाली वाकून आत्याच्या टेबलाखालचा खटका ओढला. टेबल हलकेच खाली उतरलं, बसल्या माणसाच्या उंचीला येऊन थांबलं.

टाचणीने खुर्ची तिथवर नेली. आत्या बसली. खळग्यात, आपल्या जागी. तोच फोन वाजला.

"मी इथे बसलेय," आत्या म्हणाली, आणि या वेळी तिची जीभ अडखळली नाही.

"टाचणे," शेजारच्या टेबलापासून लंबू दबक्या आवाजात म्हणाला, "माझी ती हात मोडलेली. निळी. अगदी तळाशी असेल."

फोटोवाल्या बाईने कॅमेरा पुन्हा डोळ्याला लावला. साहेब म्हणाले, थांबा. ते कोणाला म्हणाले, कोण जाणे, कारण थांबलं कोणीच नाही. टाचणीने तळहात फ्रॉकला पुसले आणि त्या पांढऱ्या रेघेवरून चालत ती निळी खुर्ची आणायला गेली.